सहा फूट

सोराइदा वाळक्या काडीने
काळ्या वाळूवर रेघ ओढते, म्हणते,
प्राण्यापासून सहा फूट. नियम आहे.
आम्ही अकरा जण रेघेच्या अलीकडे
पाय जुळवून उभे,
शाळेला उशीर झालेल्या पोरांसारखे.

इग्वानांना हा नियम कुणी सांगितलेला नाही.
एकमेकांच्या पाठीवर पंजे टाकून
ढिगाने ऊन खात पडलेत.
मधूनच एखादा नाकातून मीठ शिंकरतो,
थेट माझ्या बुटावर.

फर्नांदिना. पश्चिमेचं शेवटचं बेट.
उतू गेलेलं काहीतरी कुणी पुसलंच नाही
असा लाव्हा, साय धरून थिजलेला.
हा काठ, सोराइदा म्हणते,
माझ्या आईच्या लग्नानंतर समुद्रातून वर आला.
आई अजून त्याला "नवीन" म्हणते.

पाणकावळा बाहेर येतो. याला उडता येत नाही.
पंख उरलेत वीतभर, तेही झिजलेल्या कुंच्यासारखे,
तरी ते पसरून वाऱ्यावर वाळत घालतो
निवृत्त माणूस दर सोमवारी
गणवेशाला इस्त्री करतो तसा.
चोचीत समुद्रशेवाळाची एक लडी.
घरट्यातली ती उलटसुलट करून बघते,
ठेवून घेते.
हे आम्ही चाळीस मिनिटं पाहिलं
आणि कुणीच काही बोललं नाही,
लायपझिगचे डॉक्टरसुद्धा.

बुटाची नाडी बांधायला मी वाकतो.
आमच्या गल्लीत नुसतं वाकलं तरी कुत्री पळतात,
हात खाली गेला म्हणजे दगडच.
कबुतरं उडतात, पाल ट्यूबलाइटमागे जाते.
आयुष्यभर माझ्यापुढे एक चाहूल चालत आली
आणि जागा रिकामी करत गेली.
इथे एक करडा पक्षी येतो,
माझ्या बोटांतली नाडी ओढतो,
पुन्हा ओढतो.
ती अळी नाही हे पटल्यावर
कंटाळून जातो. घाबरून नाही.

परतताना होडीत
सोराइदा जॅकेटची चेन हनुवटीपर्यंत ओढते.
माझे आजोबा इसाबेलावर कासवं मारायचे.
तेलासाठी. गुआयाकीलला डबे जायचे.
कुणीतरी विचारतं, पळायची नाहीत?
ती इंजिनाच्या आवाजावर जाऊ देते तो प्रश्न.
मग म्हणते,
चिमणीएवढे पक्षी गोचिडी टिपायला येतात ना,
तेव्हा कासव चारी पायांवर उंच होतं,
मान जाईल तितकी लांब ताणतं, आणि थांबतं.
आजोबा जवळ गेले की
काही कासवं तशीच उभी राहायची.

पाण्यावर एक पंख वर येतो, शार्कचा की रेचा,
कुणी कॅमेरा उचलत नाही.

आता ती केंद्रात पिल्लांच्या पाठीवर
पांढऱ्या रंगाने आकडे घालते.
दोनशे सहा, दोनशे सात.
आजोबांनी कधी काही लिहून ठेवलं नाही.
त्यामुळे वजाबाकी मांडता येत नाही, म्हणते,
नुसती बेरीज करत राहायची.

विल्यामिलच्या धक्क्यावर
बाकावर सी-लायन आडवी झोपलेली,
शेजारी एक म्हातारा काठी टेकून उभा,
आपली जागा कधी रिकामी होईल याची वाट बघत.
तिचं पिल्लू माझ्याकडे निघतं.
मी एक पाऊल मागे. ते एक पुढे.
मी दोन मागे. नियम आहे.
ते घसरत, ढेंगाळत, खोकत येतच राहतं,
माझ्या पाठीला भिंत लागते.

ओल्या मिशा गुडघ्याला.
मासळीचा वास, आणि एक ऊन श्वास.
हातांचं काय करायचं कळत नाही.
पाठीमागे बांधून धरतो,
एका हाताचं मनगट दुसऱ्यात घट्ट.

सोराइदा सगळं बघतेय.
मग वही उघडते, पेन झटकते,
आणि आज कोणती तारीख
हे त्या म्हाताऱ्याला विचारते.